हत्ती गेला, शेपूट राहिलं

आमच्या टीममध्ये कुणी कुणाला ‘वेल प्लेड’ म्हटलं की समोरचा दचकतो. काय झालं, रागावलास का, असं विचारतो. लिचेसच्या साइटवर हे दोन शब्द टाइपसुद्धा करावे लागत नाहीत. डाव संपला की चॅटखाली बटणांची रांग येते : जीजी, डब्ल्यूपी, टीवाय. दाबलं की झाली सभ्यता. ज्याच्याशी तीन मिनिटांचा डाव खेळून पुन्हा कधी भेटायचंच नाही, त्याच्यासाठी ते पुरेसं आहे. पण दर रविवारी भेटणाऱ्या माणसाने बटणातून दाद दिली, तर त्याने तुमचा डाव बघितलाच नाही एवढाच त्याचा अर्थ.

बघितला असता तर त्याने लिहिलं असतं, “तेविसाव्या चालीला झोपला होतास की लाइट गेली होती?”

आमची टीम २०२० सालची. कॉलेज बंद, होस्टेल रिकामं, आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे सात-आठ जण आपापल्या गावी अडकलेले. त्याच दिवसांत समय रैना यूट्यूबवर बुद्धिबळ खेळायला लागला होता. शेजारच्या चौकटीत नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी खुदुखुदु हसत बसलेला असायचा. तोवर आमच्या डोक्यात बुद्धिबळ म्हणजे शाळेच्या हॉलमधली ‘शांतता राखा’ची पाटी. हा खेळ मोठ्याने हसत खेळता येतो, हे आम्हाला तिथे पहिल्यांदा कळलं. आम्ही लिचेसवर टीम काढली, टेलिग्रामवर ग्रुप केला. मग ओळखीचे आले, ओळखीच्यांचे अनोळखी आले. सांगलीकडचे एक निवृत्त गणिताचे सर आले. नाशिकचा मेडिकल दुकानवाला आला, नागपूरची सीए करणारी आली. एका तालुक्याच्या गावातला मुलगा आला तेव्हा सातवीत होता, आता बारावीत आहे. यांतल्या बहुतेकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

लिचेसबद्दल थोडं सांगतो, कारण ते नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. तिबो द्युप्लेसी नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये ते सुरू केलं. जाहिरात नाही, पैसे नाहीत, कोड सगळ्यांना खुला, चालतं देणग्यांवर. (सर्व्हर स्कालात लिहिलाय. मी एकदा उत्साहाने कोड उघडला होता आणि तितक्याच उत्साहाने टॅब बंद केला.) रविवारी रात्री साडेनऊला आमची अरेना असते. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक, सलग दोन जिंकले की पुढचे गुण दुप्पट. शिवाय बर्सर्क नावाचं एक बटण आहे. दाबलं की तुमचं घड्याळ अर्ध्यावर येतं, आणि तरीही जिंकलात तर एक गुण जादा. म्हणजे माज करायची सोय साइटनेच करून ठेवलेली. मेडिकलवाला सरांविरुद्ध हमखास बर्सर्क करतो आणि हमखास वेळेवर हरतो. “गिऱ्हाईक आलं होतं,” हे त्याचं कारण. रात्री अकरा वाजता.

आणि महत्त्वाचं म्हणजे लिचेसवर खेळलेला प्रत्येक डाव कुणालाही, कधीही उघडून बघता येतो. लपवायची सोय नाही. तुमची सगळी लाज तारीखवार रचून ठेवलेली असते.

मराठीत बुद्धिबळ खेळणाऱ्याला टोमणे शोधावे लागत नाहीत, ते भाषेतच तयार मिळतात. इंग्रजांकडे बिशप आहे, त्याच्यावर काय विनोद करणार? आपल्याकडे उंट आहे. स्वतः न खेळता प्रेक्षकांच्या चॅटमध्ये ‘उंट इथे हवा होता, तिथे हवा होता’ करणारा आपोआप उंटावरचा शहाणा ठरतो. उंट कोपऱ्यात ठेवून लांबूनच कर्णावर दबाव टाकणारा उंटावरून शेळ्या हाकतो. मात झाल्यावर एका चालीने घोडा मदतीला पोचला, तर वरातीमागून घोडं. घोडा नुसताच इकडून तिकडे हिंडून मेला आणि त्याच्या नादात प्यादीही गेली, तर सर पूर्ण म्हण टाकतात, घोडं मेलं ओझ्याने, शिंगरू मेलं येरझाऱ्याने. आणि सगळा डाव जिंकत आणून शेवटच्या सोप्या टप्प्यावर घालवला, तर हत्ती गेला, शेपूट राहिलं. माझ्या नावावर या शेवटच्या म्हणीची नोंद सगळ्यात जास्त आहे. ही मोजदाद नागपूरकरीण ठेवते, एक्सेलमध्ये.

तिचं आणि मेडिकलवाल्याचं भांडण तर कायमचं. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत हंपीला टायब्रेकमध्ये हरवून. त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. त्यानंतर पंधरा दिवस आमच्या ग्रुपवर राहणं कठीण होतं. नाशिककराने विदितचं नाव काढलं की उत्तर यायचं, “काहून, जळलं का?” पुणेकरांनी मध्येच अभिजित कुंट्यांना आणलं. शेवटी सरांनी निकाल दिला. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये भारताला दोन्ही सुवर्णं मिळाली. विदित पुरुषांच्या संघात होता, दिव्या महिलांच्या, आणि महिला संघाचे कर्णधार कुंटे. “तेव्हा तिघांनाही सुवर्ण मिळालं. तुम्ही तिघं आधी स्वतःचे वजीर सांभाळा.”

ही थट्टा बाहेर कुणाशीही चालत नाही, हेही सांगायला हवं. नागपूरकरणीने अनोळखी खेळाडूंसाठी चॅट कायमचं बंद ठेवलंय आणि तिच्या युजरनेमवरून ती मुलगी आहे हे कळत नाही. दोन्हींची कारणं तिने एकदाच सांगितली, पुन्हा कुणी विचारली नाहीत. अनोळखी माणूस हरला की काय लिहितो याचे स्क्रीनशॉट बघितले, तर बटणांची सभ्यता फार मोठी वाटायला लागते.

आणि एक शब्द असा आहे जो आमच्यातसुद्धा जपून वापरतात. इंजिन. स्टॉकफिश फुकट आहे, खिशातल्या फोनवर चालतं आणि जगज्जेत्यालाही सहज हरवतं. त्यामुळे कुणी बरं खेळलं की “इंजिन लावलंस का?” हा पहिला विनोद. मित्राकडून आला तर ती खरी दाद आहे. परक्याकडून आला तर तो आरोप आहे, आणि त्याला उत्तर नसतं. आपण चोरी केली हे कदाचित सिद्ध करता येईल. केली नाही, हे कसं सिद्ध करणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीतच, डॅनियल नरोडित्स्की गेल्याची बातमी आली. वय २९. अमेरिकन ग्रँडमास्टर होता, पण आमच्यासाठी तो शिक्षक होता. खालच्या रेटिंगपासून सुरुवात करून वर चढत जायचा आणि प्रत्येक चालीमागचा विचार मोठ्याने सांगायचा, असे त्याचे तासन्‌तासांचे व्हिडिओ आहेत. आमच्यातले निम्मे लोक तेच बघून खेळायला शिकले. त्याच्यावर एका माजी विश्वविजेत्याने जाहीरपणे संशय घेतला होता आणि त्याने तो फेटाळला होता. त्या संशयाचा त्याला त्रास होत होता, हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसत होतं. मृत्यूचा आणि त्याचा संबंध जोडणं माझं काम नाही. पण त्या रविवारी आमच्या अरेनात चॅटवर एक ओळ पडली नाही. लोक गप्प खेळले आणि गप्प गेले. ‘इंजिन’चा विनोद त्यानंतर बरेच दिवस कुणी केला नाही.

तो शब्द परत आला तो बाहेरून. डिसेंबरात एका टीम बॅटलमध्ये आमचा बारावीतला मुलगा सलग सात डाव जिंकला. समोरच्या टीममधल्या एकाने स्पर्धेच्या चॅटमध्ये, सगळ्यांसमोर लिहिलं, “इंजिन. रिपोर्ट केलंय.” मुलाने खाली लिहिलं, “मी नाही केलं,” आणि लॉगआउट झाला. लिचेसने काही कारवाई केली नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. पण पुढचे दोन रविवार तो आला नाही. ग्रुपवर मेसेज वाचत होता, बोलत नव्हता. आम्ही सगळ्यांनी समजुतीचं काहीबाही लिहिलं. मनावर घेऊ नको, वगैरे. म्हणजे बटणंच दाबली.

मग एका संध्याकाळी सरांचा लांबलचक मेसेज आला. भूमितीच्या वहीत लिहितात तसा. पक्ष : हा मुलगा आमच्या टीमचा सदस्य आहे. साध्य : हा मुलगा इंजिन नाही. सिद्धता : आणि खाली लिंका. पहिल्या डावात नवव्या चालीला वजीर फुकट. दुसऱ्यात एका चालीत मात होती, ती सोडून याने प्यादं खाल्लं. तिसऱ्यात दोन वजीर हातात असताना स्टेलमेट. प्रत्येक लिंकेखाली एक ओळ, “जगातलं कोणतंही इंजिन हे करू शकणार नाही.” सर पाच वर्षं त्याचे डाव बघत होते, त्यांना लिंका शोधायला वेळ लागला नसावा. मग आम्ही सुरू झालो. मेडिकलवाल्याने चार टाकल्या, मी दोन, नागपूरकरणीने एक्सेलच उघडलं. रात्रीपर्यंत तिसाच्या वर पुरावे गोळा झाले. पावणेबाराला मुलाचा मेसेज आला.

“एवढा पण वाईट नाही खेळत मी.”

रविवारी तो हजर होता. आल्या आल्या सरांना म्हणाला, आता तुमची सिद्धता मी काढतो.

त्याने खरंच काढली. बारावीचं वर्ष असताना त्याने त्यात किती वेळ घातला ते त्याच्या घरी कळू नये. सरांचे मागच्या तीन-चार महिन्यांतले हरलेले डाव त्याने एकेक करून उघडले. सरांचं रेटिंग त्या काळात घसरत होतं, आम्ही ते वयावर ढकललं होतं. मुलाने लिहिलं, “सर, तुम्ही सगळीकडे चुकत नाही. एकाच ठिकाणी चुकता. काळ्या घरातला काळा उंट तुम्हाला दिसतच नाही. पांढऱ्या घरातल्या उंटाला एकदाही फसला नाहीत.” खाली चौदा लिंका. बघितल्या तर खरंच तसंच. ग्रुपवर हशा सुरू झाला. उंट तंबूत शिरला, उंट वाळवंटात हरवला, सगळं झालं.

सरांचं उत्तर आलं, “तिथे उंट असतो? मला ते प्यादं वाटतं.”

एक मिनिट कुणी काही लिहिलं नाही. मग मेडिकलवाल्याने विचारलं, “सर, रात्री समोरून गाडी आली की दिवा फुटून पसरल्यासारखा दिसतो का?”

“दिसतो. म्हणून तर स्कूटर रात्रीची बंद केली दोन वर्षांपूर्वी.”

“मग उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बर्सर्क करून जा.”

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. मोतीबिंदूत नुसतं धुरकट दिसत नाही, गडदावरचं गडद वेगळं ओळखणं अवघड होऊन बसतं. पेपर, टीव्ही, भाजीबाजार यांतून ते सरांच्या लक्षात आलं नव्हतं, घरच्यांच्याही नाही. फोनच्या पडद्यावर तपकिरी पट, त्यात नखाएवढ्या घरात काळा उंट आणि काळं प्यादं जवळपास सारखीच उभी असतात. तिथे ते चौदा वेळा नोंदलं गेलं होतं, तारीख-वेळेसकट.

ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत मी त्यांना फोनवरून पटाचा रंग फिका निळा करायला आणि मोहऱ्यांचा संच बदलायला शिकवलं. पाऊण तास लागला, त्यातली पंधरा मिनिटं ते पहिला पटच कसा चांगला होता हे सांगत होते. फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मुलीने आठवडाभर फोन काढून घेतला. त्या रविवारी अरेना झाली, पण मेडिकलवाल्याने कुणाशीच बर्सर्क केलं नाही. विचारलं तर म्हणाला, गिऱ्हाईक नव्हतं.

पुढच्या रविवारी सर आले. पहिलाच डाव त्या मुलाशी पडला. सरांनी छान खेळून एक प्यादं जास्त मिळवलं, डाव शेवटापर्यंत आणला आणि मग हत्ती सरळ त्याच्या उंटाच्या तोंडी नेऊन ठेवला. उंट पांढऱ्या घरात होता, फिक्या निळ्या पटावर, लख्ख दिसणारा.

मुलाने वाट बघितली नाही. “हत्ती गेला सर. आता काय सांगणार?”

सरांनी टाइप करायला बराच वेळ घेतला.

“डावा डोळा अजून बाकी आहे.”