गाडीचे पोट

दर रविवारी मी गाडी पुसतो. बॉनेटमध्ये माझा चेहरा दिसेपर्यंत पुसतो. पण तिच्या पोटाखाली डोकावण्याची बुद्धी काही मला बारा वर्षांत झाली नव्हती. आमचे बिऱ्हाड मुंबईत, समुद्राकाठी. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी खाली आपले काम मुकाट्याने चालविले होते.

मागच्या सीटपुढची मॅट ओली राहते, असे आमची सौ. दोन पावसाळे सांगत होती. मी नवी मॅट आणली!

यंदा पावसाळा सरल्यावर मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो सरळ आत गेला. आमच्या धाकटीचे पाय जिथे टेकतात, नेमका तिथेच!

माझ्या पोटात धस्स झाले. "काळा थर मारून टाका की," मी म्हणालो.

तो हसला. "साहेब, गंज नुसता झाकला की आत ओल कोंडते आणि तो पत्रा खातच राहतो. आधी खरवडायचे, सडके कापून नवा पत्रा जोडायचा, मग प्रायमर, मग थर. आणि पाणी निघायची भोके बुजवायची नाहीत."

घरी येऊन मी सौ.ला हे शास्त्र सविस्तर समजावले. ती शांतपणे म्हणाली, "मॅटखाली आणखी काय काय आहे, तेही एकदा बघू या."