कॅमेऱ्यात बघ

ताई लग्न होऊन कॅलिफोर्नियाला गेली, तेव्हा साताऱ्याच्या आमच्या घरापर्यंत तिचा फक्त आवाज पोचायचा. आम्हाला फोन करायचा तर आयएसडी बूथ गाठावा लागे. समोर मीटरचे लाल आकडे पळत असायचे आणि आई ‘जेवतेस ना नीट?’ एवढं विचारून रिसीव्हर घाईघाईने बाबांच्या हातात द्यायची. ताई कशी दिसते, ते टपालाने येणाऱ्या फोटोंवरून कळायचं. फोटो हातात पडेपर्यंत तिची केसांची ठेवणसुद्धा बदललेली असायची.

मग माझ्या अभ्यासाच्या नावाखाली घरात कॉम्प्युटर आला. 2006 पासून स्काइपवर माणसं दिसूही लागली आणि आम्ही मॉनिटरच्या डोक्यावर अडकवायचा वेबकॅम घेतला. आमच्या ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजला जात नसे, म्हणून कॉलची वेळ ठरली रविवारी सकाळी सातची. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे जायची, नोव्हेंबरात पुन्हा मागे यायची. साडेतेरा तासांचं अंतर साडेबारा व्हायचं. आईला हे कधीच पटलं नाही. ‘सरकारनं सांगितलं म्हणून सूर्य लवकर उगवतो होय?’ असं ती दर मार्चला विचारायची. त्यात आमचं लोडशेडिंग. वीज गेली की यूपीएस कोकलायला लागायचा आणि उरलेलं बोलणं पुढच्या रविवारवर जायचं.

त्या वेळचं आमचं नेट 256 केबीपीएसचं. एवढ्याशा वाटेने सबंध चित्र पुन्हा पुन्हा पाठवणं परवडत नाही. म्हणून आधीच्या चित्रात जेवढा बदल झाला, मुख्यतः तेवढाच पुढे धाडला जातो. स्थिर बसेल तो स्पष्ट दिसतो, हलेल त्याचे चौकोन होतात. बाबांना हे लगेच साधलं. इस्त्रीचा शर्ट घालून ते फोटो स्टुडिओत बसल्यासारखे ताठ बसायचे आणि तिकडे झकास दिसायचे. आईला मात्र हातवारे केल्याशिवाय बोलताच येत नाही. यंदा लोणचं कसं बिघडलं हे ती सांगायला लागली, की ताईला पडद्यावर बांगड्यांचे हिरवे ठिपके तेवढे दिसायचे.

ताईची खरी तक्रार वेगळीच होती. ‘आई, खाली काय बघतेस? कॅमेऱ्यात बघ ना!’ कॅमेरा मॉनिटरच्या वर आणि ताईचा चेहरा पडद्याच्या मधोमध. आई चेहऱ्याकडे बघायची, त्यामुळे पलीकडे तिची नजर झुकलेली दिसायची. लेकीचं ऐकून तिने एकदा वरच्या त्या काचेच्या ठिपक्याकडे बघितलं आणि लगेच डोळे खाली आणले. म्हणाली, ‘तिथं बघितलं तर तू कशी दिसशील?’

यावर आम्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. आता काही सॉफ्टवेअर डोळ्यांची दिशा बदलून दाखवतात, पण ती नजर बनवलेली असते. एरवी दोन्हींपैकी एकच मिळतं: समोरच्या माणसाला बघणं, किंवा त्याच्या डोळ्यांत बघतो आहोत असं त्याला दिसणं. आईने पहिलं निवडलं. कोपऱ्यातल्या लहान चौकोनात ती स्वतःही दिसायची. कॉल लागला की पदर एकदा सारखा करायची आणि मग त्या चौकोनाला विसरून जायची.

2020 च्या टाळेबंदीत आमचं ऑफिस कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं, तेव्हा आईच्या या विसरण्याची किंमत कळली. मीटिंगमध्ये बोलणारा एक आणि बाकीचे सगळे आपापला चौकोन न्याहाळणारे. कुणी केस सारखे करतंय, कुणी मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर चौकटीबाहेर सरकवतंय. जागचं न हलता संध्याकाळी अंग आंबलेलं असायचं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलन्सन यांनी 2021 मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली. सतत स्वतःचंच तोंड बघावं लागणं हे त्यांतलं एक. आई तर रविवारच्या कॉलवरून उठायची ती ताजीतवानी होऊन.

स्काइप 5 मे 2025 रोजी बंद झालं. आमच्या घरचा मॉनिटर त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेला होता. आता कॉल मोबाइलवर होतात, वेळ ठरवावी लागत नाही, आणि बोलता बोलता ताईकडचा छताचा पंखाही बघायला मिळतो. सोय झाली, यात शंका नाही. पण कॉलवर नीट बसून दुसऱ्याकडे बघायचं असतं, हे आमच्या घरात आईएवढं कुणालाच जमलं नाही.

तुम्ही कॉम्प्युटरवरून घरच्यांशी बोलत असाल, तर एवढं करून बघा. झूम, मीट, टीम्स या सगळ्यांत स्वतःचा चौकोन लपवायची सोय आहे. तो लपवा. आपण कसे दिसतो ते बघायला पलीकडे माणूस बसलेलं आहेच.