दुसऱ्याच्या गाण्यावर बोलणारा

गायकाच्या गाण्यावर बोलून नाव कमावणाऱ्याला कलावंत का म्हणायचं, असं माझं मत बरीच वर्षं होतं. जमैकात रेकॉर्ड लावतो तो सिलेक्टर आणि वाजत्या रेकॉर्डवर माइक हातात घेऊन लयीत बोलतो तो डीजे. चाल दुसऱ्याची, वाद्यं दुसऱ्याची; मग याचं स्वतःचं काय? यू-रॉय ऐकल्यावर मी हे मत सोडलं.

इवार्ट बेकफर्ड हे त्याचं खरं नाव. जन्म 1942 चा, किंग्स्टनच्या जोन्स टाउनमधला. मोकळ्या आवारात भलेमोठे स्पीकर लावून रात्रभर नाच चालायचे, त्या साउंड सिस्टिमवर तो 1961 पासून बोलत होता. पुढे तो किंग टबीकडे गेला. टबी मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. गाण्यातून गायकाचा आवाज काढायचा, मध्येच परत सोडायचा, ही त्याची करामत. त्या मोकळ्या जागेत यू-रॉय बोलू लागला.

'वेअर यू टू द बॉल' हे पॅरागॉन्स या गायकांच्या गटाचं गाणं. मूळ रेकॉर्ड आणि यू-रॉयची रेकॉर्ड मी लागोपाठ ऐकली. गायकाची ओळ येते, यू-रॉय तिला उत्तर देतो, दाद देतो, मध्येच आरोळी ठोकतो आणि पुन्हा तिला वाट करून देतो. गाणं रक्तात भिनल्याशिवाय हे जमत नाही. तुकोबांच्या अभंगावर निरूपण करणाऱ्या कीर्तनकाराला आपण कधी उसनवारी करणारा म्हणतो का? आणि निर्माता ड्यूक रीडला यू-रॉयविषयी सांगितलं कोणी, तर पॅरागॉन्सच्याच जॉन होल्टने! ज्याचं गाणं, त्याचीच शिफारस. मग मी कोणाच्या वतीने रुसलो होतो? 1970 मध्ये रीडसाठी केलेल्या यू-रॉयच्या तीन रेकॉर्डी जमैकात एकाच वेळी पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या.

त्याने पुढे स्टर-गॅव्ह ही स्वतःची साउंड सिस्टिम काढली, हे मला त्या यशाहूनही मोलाचं वाटतं. रँकिंग जो, जोझी वेल्स, चार्ली चॅप्लिन हे डीजे तिथल्या माइकवर तयार झाले. 2007 मध्ये त्याला ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन मिळाला. 2021 मध्ये तो गेला.

एक आग्रह मात्र मी आजही धरतो. डीजेच्या रेकॉर्डवर मूळ गायकाचं आणि वादकांचं नाव ठळक छापलंच पाहिजे. रीडच्या ट्रेझर आइल स्टुडिओत टॉमी मॅकूकच्या वादकांनी ती लय आधी बांधली नसती, तर यू-रॉय बोलला कशावर असता?