चहाला बसायची जागा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या गावातून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलींच्या आया माझ्याकडे चौकशीला येतात. फी किती, होस्टेल कसं, जेवण हलाल मिळेल का, नमाजला जागा आहे का, सगळं विचारतात. एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही. दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात मुलगी बसेल कुठे? लायब्ररीत बोलता येत नाही आणि होस्टेलच्या खोलीत चार खाटांना मिळून एक टेबल असतं. मैत्रिणींबरोबर नोट्स जुळवायच्या, अडलेलं विचारायचं, अम्मीची आठवण आली तर मन मोकळं करायचं, यासाठी कॉलेजच्या शहरात चहाच्या टेबलाइतकी स्वस्त जागा दुसरी नाही. हा प्रश्न आधी विचारला नाही, तर पुढे तोच भलत्या सुरात विचारला जातो.

पुण्यात चहा ही साधी गोष्ट नव्हती. १८९० साली तिथल्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली मोठी मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनने पाहुण्यांना चहा दिला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात जाहीर करवली आणि सनातन्यांनी गहजब केला. मिशनरी लोकांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. त्याआधी बावीस वर्षं, १८६८ मध्ये, याच शहरात महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हाही लोक खवळलेच होते. कोण कोणाच्या हातचं काय पितो, याची अशी झडती घेणारं हे शहर.

इराणी हॉटेलांनी ही गाठ भाषणं न करता सोडवली. इराणहून आलेल्या या मंडळींत झरतुष्ट्रीही होते आणि मुसलमानही. गल्ल्यावर पैसे ठेवले की प्राध्यापक असो वा हमाल, दोघांना तोच कप आणि तेच टेबल. डेक्कनवरचं कॅफे गुडलक १९३५ पासून चालू आहे आणि फर्ग्युसन कॉलेज तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. इराणी चहाची रीत अशी की चहापत्तीचा अर्क वेगळा उकळत ठेवतात, दूध वेगळं आटवतात आणि कपात दोन्ही एकत्र करतात. बरोबर बन-मस्का घेतला की दुपारचं जेवण लांबवता येतं. मी बी.एड. करत होते तेव्हा साताऱ्याची एक मैत्रीण आणि मी अशाच एका टेबलावर पाठ टाचणं लिहायचो. माझ्या मराठीच्या टाचणातले ऱ्हस्व-दीर्घ ती तपासायची, आणि मी तिला अलिफ-बे गिरवून द्यायची. पाठ टाचणाच्या वह्या कधीच रद्दीत गेल्या, पण तिला आजही आपलं नाव उर्दूत लिहिता येतं.

गुडलकला रविवारी सकाळी जाऊ नये, जागा मिळत नाही. मधल्या वारी दुपारी जावं.

पेठांमधून फिरताना अमृततुल्य लागतात. पितळी भांड्यात दूध, साखर, चहापत्ती, ठेचलेलं आलं आणि वेलची एकत्र उकळतात आणि फडक्यातून गाळून देतात. असा चहा मौलाना आझादांना मुळीच चालला नसता. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’च्या पत्रांत त्यांनी चहाचं मनापासून वर्णन केलं आहे. ते बिनदुधाचा चिनी चहा पीत आणि चहात दूध घालणाऱ्यांची खंत करीत. मौलानांची माफी मागून सांगते, पावसाळ्यात अमृततुल्यच बरा. माझ्या वेळी तिथे बहुतेक पुरुषच उभे असत. आम्ही मुली लांब थांबायचो आणि एकजण धीर करून ग्लास आणायची. आता मुली बिनधास्त जातात, ते बघून बरं वाटतं. फक्त बाकडं असेल तिथे बसावं. बिस्मिल्लाह म्हणून, उजव्या हाताने, बसून, फुंकर न घालता, तीन श्वासांत पिण्याची सुन्नत आहे. कढत चहाला तर ती फारच सोयीची.

उन्हाळ्यात रसवंतीगृह. चरकाच्या घुंगरांचा आवाज आला की पाय आपोआप वळतात. नाव बहुधा कानिफनाथ किंवा नवनाथ. आलं-लिंबू घालून रस घ्यावा, आणि बर्फाचा भरवसा नसेल तर बिनबर्फाचा मागावा.

परीक्षा संपली की मस्तानी. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, आणि आंब्याच्या दिवसांत आंब्याचीच. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाताकडे आम्ही एका ग्लासात दोन चमचे मागायचो. हे नाव कुठून आलं, तेही मुलींना सांगावं. मस्तानीची कबर पाबळला आहे. तिचा मुलगा समशेर बहादूर १७६१ च्या पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि त्या लढाईतल्या जखमांनी गेला. पुढे त्याच्या मुलाच्या, अली बहादूरच्या वंशात बांद्याचे नवाब झाले. एवढा इतिहास त्या ग्लासाच्या नावात आहे.

रमजानमध्ये कोंढव्यातल्या कौसरबागेत शरबत आणि फालुद्याचे ग्लास भरलेले दिसतात. होस्टेलच्या खोलीत खजूर आणि पाण्यावर इफ्तार करणाऱ्या मुलीला ती गर्दी घरासारखी वाटते. तिथे चार जणींनी मिळून जावं आणि होस्टेलची वेळ सांभाळून परतावं.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पाटीवर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असेल तर प्रश्नच नाही. पण काही नव्या कॅफेंमध्ये मेनूच्या पहिल्या पानावर कॉफी आणि शेवटच्या पानावर बिअर असते. जिथे शराब पिणं चाललं आहे त्या दस्तरखानावर बसू नये, ही हदीसची शिकवण आहे. मुलांना ती धाक घालून सांगण्यापेक्षा मेनूचं शेवटचं पान आधी बघायची सवय लावावी. दुसरी गोष्ट अनुभवाची. एका चकचकीत कॅफेत आम्हा दोघी ओढणीवाल्यांना वेटरने विचारलं, “पार्सल ना?” बाकी कुणाला त्याने हे विचारलं नव्हतं. “नाही, बसणार आहोत,” असं शांतपणे सांगून आम्ही बसलो. आपल्या मुलींना हे वाक्य यायला हवं.

पण खुर्ची नाकारणारे नेहमी बाहेरचेच असतात असं नाही. आमच्या शाळेतून पुण्याला गेलेल्या एका मुलीला तिच्या वडिलांनी पहिल्याच सत्रात परत आणलं. कुणा नातेवाइकाने तिला हॉटेलात पाहिलं होतं. बरोबर तीन मैत्रिणी आणि टेबलावर वह्या होत्या, हेही त्यानेच सांगितलं होतं, पण घरापर्यंत बातमीत फक्त ‘हॉटेल’ उरलं. मी भेटायला गेले तेव्हा वडील म्हणाले, “मॅडम, मुलगी शिकायला पाठवली होती, हॉटेलात बसायला नाही.”

मी विचारलं, “भाईसाहेब, तुम्ही माल घेऊन मार्केट यार्डात जाता, तेव्हा चहा कुठे पिता?”

“तिथेच, गाळ्याशेजारी.”

“उभ्याने?”

“छे, बसून. चार माणसं भेटतात, भाव कळतो.”

“मग तिलाही चार माणसं भेटू द्या. तिच्या धंद्याचा भाव तिलाही कळू द्या.”

ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढच्या जूनमध्ये स्वतः तिला सोडायला गेले, तिच्याबरोबर गुडलकमध्ये बसले आणि तिथून मला फोन केला, “चहा ठीक आहे मॅडम, कप लहान आहे.” मुलीचं वर्ष मात्र गेलं. तिच्या वर्गातल्या मैत्रिणी एक वर्ष पुढे गेल्या, आणि ते आता भरून येणार नाही.

म्हणून यंदा ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा शिकायला बाहेर निघाला आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. प्रवेशाचे कागद जमा झाले की लगेच परतीची एस.टी. पकडू नका. मुलीला विचारा, “तुम्ही कुठे बसता?” तिथे जा, तिच्या मैत्रिणींनाही बोलवा, सगळ्यांचा चहा तुम्ही पाजा. एकदा ते टेबल तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, की उद्या कुणी घरी येऊन “तुमच्या मुलीला हॉटेलात पाहिलं” म्हणालं, तर तुम्हालाच सांगता येईल, “हो, आम्हीही बसलो होतो तिथे. चहा चांगला असतो.”