गेटवरचं मशीन

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी फेटलिंगला आहे. कास्टिंगवरचं जादा लोखंड ग्राइंडरनं उडवायचं.

तेराव्या वर्षापासून माझा डावा गाल फुगत गेला. दाढ सुजली असेल म्हणून आई हळद लावायची. सीटी स्कॅनमध्ये हाड धुरकट काचेसारखं दिसलं. फायब्रस डिसप्लेसिया. कॅन्सर नव्हे, आनुवंशिकही नव्हे. गर्भातच एका पेशीतलं जीएनएएस जनुक बिघडतं आणि पुढे हाडाच्या जागी तंतू भरतात.

वाढ मंदावल्यावर, चोविसाव्या वर्षी, ओठाच्या आतून चीर देऊन डॉक्टरांनी हाड तासलं. "पुन्हा वाढू शकतं," म्हणाले. म्हणजे फेटलिंगच, फक्त कास्टिंग परत वाढत नाही.

महिन्यानं कामावर गेलो, तर हजेरीच्या मशीननं चेहरा ओळखला नाही. नव्या फोटोसाठी मी सवयीनं उजवा गाल पुढं केला.

"सरळ बघ की रं," वॉचमनमामा म्हणाले.