टाकीचा श्वास

तेलाच्या डब्याला दुकानदार दोन भोकं का पाडतो, ठाऊक आहे? मला ते आमच्या जुन्या फियाटनं शिकवलं.

१९९४ सालची गोष्ट. इस्लामपूरहून निघालं, की पेठ नाक्याच्या अलीकडे गाडी आचके देत बंद पडायची. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू! गॅरेजात मात्र अगदी शहाण्यासारखी चालायची. प्लग बदलले, कार्बुरेटर साफ केला. शेवटी बाबा म्हणाले, "विकूनच टाकू."

मिस्त्रीकाका म्हणाले, "थांबा. बंद पडते तिथंच जाऊ."

गाडी बंद पडताच त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली. पेट्रोल संपेल तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. नाहीतर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. थांबल्यावर थोडी हवा झिरपायची, तेवढ्यावर गाडी पुन्हा चालायची. झाकणाचं बारीक छिद्र कुणीतरी साबणानं बुजवलं होतं.

ते 'कुणीतरी' म्हणजे मी! पेट्रोलचा वास येतो म्हणून. घशाला कोरड पडली, पण सांगून टाकलं. बाबा क्षणभर गप्प. मग माझ्या शर्टाची सेफ्टी पिन काढून हातात देत म्हणाले, "आता तूच मोकळं कर."

गाडी विकली नाही. आणि माझाही श्वास मोकळा झाला!