गाडीचं रूफ, सोल्युशनचा डबा आणि आपण

पोस्ट मोठी आहे. विषय गाडीच्या रूफचं कापड कशाने चिकटवायचं हा आहे, पण तेवढाच नाही. वेळ असेल तेव्हा वाचा.

मी राहतो पालघरला, नोकरी तारापूर एमआयडीसीत. रोज उमरोळीवरून ये-जा. गाडी चौदा वर्षांची. गेल्या वर्षी रूफचं कापड मधोमध सुटलं आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर लोंबायला लागलं. टाचण्या टोचून दोन महिने काढले. शेवटी बायको म्हणाली, "लग्नाला याच गाडीतून जायचंय. मांडव सोबत घेऊन फिरायचं का?"

बोईसरच्या एका सीट कव्हरवाल्याकडे गेलो. उस्तादने दोन भाव सांगितले. रूफचा बोर्ड बाहेर काढायचा, जुना फोम पूर्ण घासून काढायचा, नवीन फोमचं कापड आणि गरमी सोसणारं सोल्युशन: ३२०० रुपये, दोन दिवस. नाहीतर बोर्ड तसाच ठेवून आतल्या आत साधं सोल्युशन मारायचं आणि तेच कापड दाबून बसवायचं: १५०० रुपये, दोन तास. मी घासाघीस करून १३०० ला ठरवलं. वर स्वतःवर खूश.

तारीख लक्षात आहे, कारण तो ४ मार्च होता. राष्ट्रीय सुरक्षा दिन. सकाळी कंपनीत सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली होती. बिल्ला अजून माझ्या खिशाला होता.

काम करायला एक पोरगा गाडीत शिरला. विक्रमगडकडचा. वय विचारलं तर अठरा म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. रस्त्याची धूळ सोल्युशनवर बसू नये म्हणून काचा वर. आत तो, ब्रश आणि उघडा डबा. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, शेडच्या कडेला बसला आणि ओकला. उस्ताद म्हणाला, "होतं साहेब नवीन पोरांना. सवय झाली की नाही होत."

मी काय केलं? लिंबूपाणी मागवलं. आणि विचारलं, "अजून किती वेळ लागेल?"

हे लिहायला लाज वाटते, कारण मला माहीत होतं. त्या डब्यात रबर विरघळवायला बहुतेक टोल्यूईन असतं. तेच टोल्यूईन आमच्या कंपनीत ड्रममधून काढताना मी मास्क, गॉगल, हातमोजे घालतो, एक्झॉस्ट चालू आहे का बघतो. कारखाना कायद्याच्या परिशिष्टात त्याची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम लिहिलेली होती. बंद गाडीत ब्रशने सोल्युशन मारताना हवेत किती होतं, ते मोजणार कोण? दोन-तीन माणसांची शेड साधारणपणे कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. शिवाय टोल्यूईनची वाफ चार-पाच अंशालाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. त्याच शेडमध्ये गणपतीच्या फोटोपुढे अगरबत्ती जळत होती.

आता कामाचं काय झालं ते सांगतो. लग्नाला गाडी छान दिसली. मे महिन्यात कंपनीच्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात राहिली आणि संध्याकाळी कापड पुन्हा खाली. टाचण्या पुन्हा वर.

त्यानंतर नीट विचारपूस केली. ज्यांना हे काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी लिहितो.

रूफचं कापड सुटतं तेव्हा दोष बहुतेक वेळा कापडाचा नसतो. त्याच्या मागचा पातळ फोम दमट हवेने आणि उन्हाने कुजून भुसा होतो. आपल्या किनारपट्टीवर तर होणारच. त्या भुशावर जगातलं सगळ्यात महागडं सोल्युशन मारलं तरी ते भुशाला चिकटतं, बोर्डाला नाही. म्हणून बोर्ड काढून घासणं हेच खरं काम.

दुसरं, गरमी. उन्हात बंद गाडीचं छत साठ-सत्तर अंशांवर जातं. साधं सोल्युशन तिथेच मऊ पडायला लागतं. डब्यावर किती तापमान सोसतं ते छापलेलं असेल तर वाचा. नसेल, किंवा डब्याला लेबलच नसेल, तर ते घेऊ नका.

तिसरं, डोअर पॅड. पॅड काढल्यावर मागे प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. पीपी असेल तर त्याला सहसा काहीच चिकटत नाही, आधी प्रायमर लागतो. एबीएस असेल तर जास्त सॉल्व्हंटने प्लास्टिकच खाल्लं जातं. वरून रेक्झिन असेल तर त्यातलं तेल हळूहळू साध्या रबर सोल्युशनला मऊ करतं, तिथे पॉलियुरेथेनवालं बरं. पांढरा फेव्हिकॉल लाकडासाठी, इथे उपयोगाचा नाही.

चौथं, घाई. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम टाळा. सॉल्व्हंट उडताना थर गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि पकड जाते.

पाण्यावर चालणारं सोल्युशनही असतं. सुकायला वेळ घेतं, पण रूफच्या बोर्डाला आणि फोमला चालतं, पेट घेत नाही आणि डोकं धरत नाही. मी विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "कोणी मागत नाही, म्हणून ठेवत नाही." हे वाक्य डोक्यातून जात नाही.

२०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. आपण सगळ्यांनी बातम्या शेअर केल्या, कंपन्यांना शिव्या दिल्या. बरोबरच केलं. रात्रीचा वास आपल्या घरात येतो, पाणी आपलं बिघडतं. पण कंपनीला जाब विचारणारे आपण शेडमध्ये गेलो की फक्त भाव विचारतो. १९६० च्या दशकात जपानमध्ये चपला चिकटवणाऱ्या घरगुती कामगारांचे हातपाय लुळे पडले होते. कारण निघालं सोल्युशनमधलं हेक्झेन. तेही छोट्या खोल्यांमध्ये, स्वस्त कामासाठी.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्याच उस्तादकडे गेलो. बोर्ड बाहेर काढून, उघड्यावर टेबलवर काम करायला सांगितलं. ३२०० दिले, घासाघीस केली नाही. कंपनीत वापरतात तसा फिल्टरवाला मास्क दुकानातून विकत घेऊन दिला. साधा कापडी मास्क वाफेला काही करत नाही. उस्ताद हसला, पण ठेवून घेतला. तो पोरगा तिथे नव्हता. गावी गेला म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच. गाडीचं काम करून घेताना तीन गोष्टी विचारा: डब्याला लेबल आहे का, बोर्ड बाहेर काढणार का, काम उघड्यावर होणार का. आणि त्याचे पैसे द्या. टिमाच्या आणि कंपन्यांच्या मंडळींना विनंती, येत्या ४ मार्चला गॅरेज, सीट कव्हर आणि फर्निचरवाल्यांनाही बोलवा. शपथ नको, अर्धा तास माहिती द्या आणि प्रत्येकी एक मास्क. खर्च बॅनरपेक्षा फार जास्त येणार नाही.

तुमच्या ओळखीचा कोणी हे काम करत असेल तर त्याला वाचून दाखवा. आणि बोईसर-पालघरमध्ये पाण्यावरचं सोल्युशन कुठे मिळत असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.